नाव राहतं, दुकान हलतं: पुण्याच्या पेठा कशा वाचाव्यात

पुण्याच्या जुन्या बाजारांचा पहिला माग देवळांच्या नावांत लागतो. सोन्या मारुतीजवळ सराफ, जिलब्या मारुतीपाशी हलवाई, पासोड्या विठोबाच्या आसपास पासोड्या विकणारे, असं परंपरेनं सांगितलं जातं. पासोडी म्हणजे जाड सुती पांघरूण. विठोबापाशी आज ती कुणी विकत नाही. सराफ मात्र सोन्या मारुतीला अजून धरून आहेत. अप्पा बळवंत चौकाची गोष्ट वेगळी. अप्पा बळवंत मेहेंदळे हे पेशवाईतले सरदार, आणि चौकाचा आजचा धंदा पुस्तकांचा. तिथे नावाचा धंद्याशी काहीच संबंध नाही. म्हणून नाव हातात आलं की शोध सुरू होतो, संपत नाही. नाव जागेला चिकटतं. दुकान भाडं, पूर, रस्तारुंदी किंवा भाऊबंदकी यांपैकी कशानंही उठून चार गल्ल्या पलीकडे जातं.

कागद शोधायला बसण्याआधी पेठांची जुनी नावं पाठ हवीत. रविवार पेठ म्हणजे मलकापूर, शुक्रवार म्हणजे विसापूर, सोमवार म्हणजे शहापूर, शनिवार म्हणजे मुर्तजाबाद. गुरुवार पेठेला वेताळ पेठ म्हणत, रास्ता पेठेला शिवपुरी. आजची महात्मा फुले पेठ ती गंज पेठ, त्याआधी मीठगंज. इथे मात्र मिठाचा बाजार नावातच बसलेला आहे. ही नावं माहीत नसली की दप्तरातला कागद समोर असूनही ओळखू येत नाही.

मंडईच्या बाबतीत हीच चूक उलट बाजूनं होते. शुक्रवार पेठेतली अष्टकोनी इमारत १८८६ साली सुरू झाली. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून ती ‘रे मार्केट’ झाली. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरायचा. त्यामुळे १८८६ पूर्वीच्या मजकुरात ‘मंडई’ दिसली तर ती आजची मंडई नव्हे, आणि तिथून पावलं मोजत दुकानाची जागा ठरवली तर ती पेठच चुकते. जोतीराव फुले नगरपालिकेचे सदस्य होते, त्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. पैसा शिक्षणाकडे जावा असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच इमारतीला फुल्यांचं नाव मिळालं. मंडईचं नाव घेताना हा विरोध आठवावा, तो पेठेच्या इतिहासाचाच भाग आहे.

आता रस्ते. पेशवाईतली पेठ म्हणजे आळ्या, बोळ आणि वाडे. लक्ष्मी रस्ता, बाजीराव रस्ता हे आज आहेत तसे सरळ, रुंद रस्ते विसाव्या शतकातले, आणि ते करताना जुनी वस्ती कापली गेली. कापलेला वाडा ओळखता येतो. दर्शनी भिंत नवी, पण बाजूच्या भिंती जुन्या विटांच्या आणि मातीच्या. दुकानाची रुंदी बरी, खोली मात्र फारच कमी. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात. अखंड वाड्यात खण पूर्ण असतात, कापलेल्यात रस्त्याकडचा खण अर्धा किंवा तिरका राहतो. अशा दुकानाचा जुना पत्ता बहुतेक वेळा मागच्या आळीचा निघतो. रस्त्याच्या नावानं शोधत राहिलात तर हाती काही लागणार नाही.

उंबऱ्याकडेही बघा. शटर येण्याआधी दुकानं फळ्यांची होती. उंबऱ्यात आणि वरच्या तुळईत खाच, तिच्यात उभ्या फळ्या एकामागून एक सरकवायच्या. क्रम चुकला तर शेवटची फळी बसत नाही, म्हणून फळ्यांवर आकडे घातलेले असत. शटर बसवलं तरी खालची खाच कित्येकदा तशीच राहते, सिमेंटनं भरलेली. ती सापडली की जागा मुळापासून दुकानासाठीच होती हे कळतं. घराची खोली फोडून दुकान काढलं असेल तर खाच नसते.

पाटीवरच्या ‘स्थापना’ या शब्दानं सगळ्यात जास्त घोळ होतो. त्यामागे चार वेगळ्या तारखा असू शकतात: घराण्यानं धंदा सुरू केला ती, या नावाची पेढी निघाली ती, पेढी या जागेत आली ती, आणि आजची इमारत उभी राहिली ती. पाटीवर बहुतेक यातली सर्वांत जुनी लिहिलेली असते, आणि तो धंदा कधी कधी दुसऱ्याच गावात सुरू झालेला असतो. मालक खोटं बोलत नसतो. त्याला विचारलेला प्रश्न वेगळा असतो. चारही तारखा वेगवेगळ्या विचारा.

मालमत्ता पत्रक नगर भूमापन कार्यालयात मिळतं, त्यासाठी सि.स.नं., म्हणजे सिटी सर्व्हे नंबर, लागतो. पेठेतला जुना घरांक आणि सि.स.नं. एक नव्हेत, आणि घरांक रस्त्याच्या क्रमानं लागतीलच असंही नाही. पत्रकावर धारकाचं नाव, क्षेत्रफळ आणि फेरफारांच्या तारखा असतात. पण दुकानदार बहुधा भाडेकरू. १९४७ च्या भाडे कायद्यानंतर कित्येक दुकानं पिढ्यान् पिढ्या त्याच भाड्यानं राहिली, आणि भाडेकरूचं नाव पत्रकावर येत नाही. त्याच्यासाठी भाडेपावत्या, महापालिकेची कर आकारणी आणि कोर्टातले दावे बघावेत. घरमालक आणि भाडेकरू भांडले तर दुकान कधीपासून आहे हे दोघंही कागदानिशी सांगतात. इतका नेमका पुरावा एरवी मिळत नाही. गुमास्ता परवान्यावरचं, म्हणजे दुकानाच्या सरकारी नोंदणीवरचं, साल जपून वापरा, कारण १९४८ च्या कायद्याखाली नोंद झाली तेव्हा दुकान आधीच कितीतरी वर्षं चालू असू शकतं.

जुनं बिल हातात आलं आणि त्यावर तारीख नसली तरी काळ काढता येतो. आणे-पै असतील तर ते १ एप्रिल १९५७ च्या आधीचं किंवा फार तर लगेच नंतरचं. ‘न. पै.’ म्हणजे नवे पैसे असेल तर १९५७ ते १९६४, कारण १९६४ च्या जूनपासून ‘नवे’ हा शब्द गेला. छापील मजकुरात सहा आकडी पिन असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. ‘पुणे ३०’ किंवा ‘पुणे २’ यावरून मात्र काही ठरत नाही. पिनच्या आधीही तसं लिहीत आणि आजही लिहितात. ‘नगरपालिका’ असेल तर बहुधा १९५० पूर्वीचं, कारण त्या वर्षी महानगरपालिका झाली. रेव्हेन्यू स्टॅम्पवर राजाचं चित्र दिसलं तरी एकदम निष्कर्ष काढू नका, जुने कागद आणि तिकिटं संपेपर्यंत वापरली जातात.

चोपड्यांचं साल वेगळं. शके असेल तर इसवी सन काढायला चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९. गुजराती-मारवाडी पेढीच्या वहीत कार्तिकात बदलणारा विक्रम संवत असतो: कार्तिकापासून डिसेंबरपर्यंत ५७ वजा, पुढे ५६. संवत २००४ ची वही १९४७ च्या दिवाळीला उघडलेली. पेशवे दप्तरातला शुहूर सन मृगाला बदलतो; त्यात डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे ६०० मिळवायचे. मोडी वाचणारं माणूस सोबत नसेल तर आकड्यांवर भरवसा ठेवून साल काढू नका, एका आकड्यानं दशकं हलतात.

नदीकाठच्या पेठांत, म्हणजे कसबा, शनिवार, नारायण इथे, १२ जुलै १९६१ ही तारीख आधी विचारायची. पानशेतच्या पुरात वाडे कोसळले, चोपड्या वाहून गेल्या, दुकानं उठली. तिथे कागद नसणं याचा अर्थ दुकान नव्हतं असा होत नाही. वयस्कर माणसांना साल आठवत नाही, पण ‘पुराच्या आधी की नंतर’ हे पक्कं आठवतं. तोच प्रश्न विचारा, आणि पुढे ‘तेव्हा शेजारी कोण होतं?’ हा. दोन्ही शेजारी कळले की तिसऱ्या कुणाच्या आठवणीशी पडताळा घेता येतो. एकाच माणसाच्या आठवणीवर जागा ठरवू नये.

पेठेतला एखादा वाडा पुनर्विकासाला निघाला असं कळलं तर त्या आठवड्यातच जा. मोजपट्टी धरून उंबरा, खाच, खणांची रुंदी आणि बाजूच्या भिंतीची वीट यांचे फोटो घ्या. भाडेपावत्यांचे फोटो पुढून आणि मागून दोन्ही काढा, कारण मागच्या बाजूला दुरुस्तीचा किंवा वाढीव भाड्याचा हिशोब लिहिलेला सापडतो. कपाटाच्या दारांच्या आतल्या बाजूला चिकटवलेली कॅलेंडरं आणि पेन्सिलीनं लिहिलेले भावही घ्या. फोटोला सि.स.नं. आणि तारीख लावा, आणि एक प्रत दुकानदाराच्या घरी ठेवा.