शेवळं: फूल आधी, पान नंतर

[स्टेशनबाहेरचा रस्ता, पाटीत शेवळांच्या जुड्या]

मे संपत आला, वळवाच्या एक-दोन सरी पडल्या की कर्जत, मुरबाड, शहापूर या बाजूच्या बाजारात हे दिसायला लागतं. जांभळट तपकिरी, वर निमुळतं, जुडी बांधून ठेवलेलं. काही लोक थांबून विचारतात, मावशी हे काय आहे, आणि ज्यांना माहितीये ते काही न विचारता चार-चार जुड्या पिशवीत टाकतात. ही शेवळं. आणि आपण जे विकत घेतोय ती पालेभाजी नाही बरं का, हा न उमललेला फुलोरा आहे.

[जंगल, ओली माती, फुलोऱ्याचा क्लोजअप]

आता हे नीट बघा. आजूबाजूला एक पान नाही, झाड म्हणावं असं काहीच नाही, थेट जमिनीतून फूल वर आलंय. बॉटनीच्या पहिल्या धड्यात आपण शिकतो की मूळ, खोड, पान, मग फूल, आणि हे महाशय तो क्रमच उलटा करतात. खाली मातीत गड्डा असतो, गेल्या पावसाळ्यात पानाने बनवलेलं अन्न त्यात साठवलेलं असतं, उन्हाळाभर तो गप पडून राहतो आणि पाऊस यायच्या तोंडावर त्याच साठ्यावर फूल वर ढकलतो. पान येतं ते नंतर, भर पावसात, एकच, छत्रीसारखं पसरलेलं.

[मधून उभं कापलेलं शेवळं]

हा बाहेरचा जो पडदा आहे ना, तो बाजूला केला की आत दांडा. या दांड्याच्या अगदी तळाशी मादी फुलं, त्यांच्या वर नर फुलं, बारीक बारीक, दाटीने चिकटलेली, आणि त्याच्यावर हा लांबडा भाग, त्याला फुलंच नाहीत, त्याचं काम वास सोडायचं. फूल उमललं की सडल्यासारखा वास येतो, माश्या आणि भुंगेरे फसून आत शिरतात. या गटात मादी फुलं आधी तयार होतात, नर फुलांचा पराग नंतर सुटतो, म्हणजे किड्याने दुसरीकडचा पराग आणायचा आणि इथला घेऊन पुढच्या फुलाकडे जायचं. इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरचं ते माणसापेक्षा उंच, कुजकट वासाचं फूल, जे बघायला बोटॅनिकल गार्डनबाहेर रांगा लागतात, ते याच शेवळाच्या वंशातलं. आपला सुरणसुद्धा त्याच वंशातला. आणि अळू त्याच कुळातलं, जरा लांबचं नातं.

शेवळाचं शास्त्रीय नाव अमॉर्फोफॅलस कम्युटेटस. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाच्या बादशाही बागांचे प्रमुख हाइनरिश श्कॉट यांनी या कुळावर प्रचंड काम केलं, या नावाशीसुद्धा त्यांचं नाव जोडलेलं आहे. पण आमच्या कॅमेऱ्यासमोर ज्या मावशी बसल्यात त्यांच्याकडचं ज्ञान बघा.

[घर, चूल, शेवळं साफ करणारे हात]

बाहेरची जून आवरणं सोलली. आता दांड्याचा हा पिवळट दाणेदार भाग खुडून टाकला. का टाकला? खाजरा असतो. म्हणजे फुलोऱ्यातली खरी फुलं बाजूला काढली. उरलेलं बारीक चिरायचं, आणि त्यातही खाज असतेच, कारण या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे टोकदार स्फटिक असतात, ते जिभेला, घशाला टोचतात. खाणाऱ्या जनावराला दूर ठेवायची ही झाडाची सोय. त्यावर माणसाची सोय म्हणजे ही हिरवी आंबट फळं, काकडं. काकडाच्या झाडाची. ती ठेचून त्यांचा रस घालायचा. अळूला चिंच, सुरणाला कोकम किंवा चिंच, शेवळाला काकडं, म्हणजे तिन्ही एका कुळातली आणि तिन्हींवर उपाय एकच, आंबट. हे वर्गीकरण कुठल्या पुस्तकातून आलेलं नाही, चुलीपाशी आलंय, आणि मला तरी ही बॉटनीच वाटते, कोणी काहीही म्हणो.

[कढईत कांदा, कोलंबी, शेवळं]

पुढे ज्याची त्याची पद्धत. कोणी वालाच्या बिरड्यात घालतं, कोणी कोलंबीत, कोणी खिम्यात, सीकेपी घरात शेवळांची कणी होते आणि तिच्यावरून भांडणंही होतात. जगाच्या ताटातल्या कॅलरींचा मोठा वाटा भात, गहू आणि मका या तीनच पिकांतून येतो, त्या हिशोबात शेवळं कुठेच नाहीत. पण शेतात अजून काही उगवलेलं नसतं, हाताला काम कमी असतं, अशा पंधरा-वीस दिवसांत कातकरी, ठाकर बायकांच्या हातात रोख पैसे येतात ते यातून.

[माळरान, प्लॉटिंगचे दगड]

फुलोरा उमलायच्या आत खुडला की त्याचं बी होत नाही, आणि गड्डे असलेली जमीनच प्लॉटसाठी सपाट केली तर पुढच्या वर्षी काही नाही.

[परत बाजार]

जून सरत आला की शेवळं संपतात, मग टाकळा, कुर्डू, भारंगी असं एकेक येत राहतं. यंदा घेणार असाल तर घट्ट मिटलेली बघून घ्या, आणि मावशींकडे काकडं मागायला विसरू नका, बऱ्याचदा त्या जुडीबरोबर स्वतःच मूठभर देतात, आणि पहिल्यांदाच करताय असं सांगितलंत तर रेसिपीही सांगतात.