हवा किती हवी, हे आधी. पंप कोणता, हे नंतर

मित्रहो,

हातात मावणारा, चार्जिंगवर चालणारा, बिनवायरीचा हवा भरण्याचा पंप घ्यायला माणूस निघतो, तेव्हा खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा आधी त्याच्या नजरेत भरतो. तो आकडा बहुधा १५० पीएसआय असतो; पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर किती पौंडांचा दाब, याचे माप. मोटारीच्या टायरला लागतात तीस-पस्तीस पीएसआय, आणि हा पंप तर दीडशे देतो. म्हणजे आपल्या गरजेच्या चौपट-पाचपट ताकद यात आहे, असा हिशेब मनात पटकन होऊन जातो. आजच्या बोलण्याची सुरुवात मला याच हिशेबापासून करायची आहे, कारण तो चुकीचा आहे आणि निवडीतल्या पुढच्या बहुतेक चुका त्याच्यातूनच निघतात.

दीडशे पीएसआय हा त्या पंपाच्या दट्ट्याला गाठता येणारा कमाल दाब आहे. तो गाठायला किती वेळ लागेल आणि तेवढ्या वेळात किती हवा आत जाईल, याबद्दल तो आकडा काहीही सांगत नाही. शर्यतीच्या सायकलच्या अरुंद टायरला ८० ते १०० पीएसआय दाब लागतो, पण त्या टायरच्या पोटात जेमतेम लिटरभर जागा असते. मध्यम आकाराच्या मोटारीच्या टायरला ३२ पीएसआय पुरतो, पण आतली जागा तीस ते चाळीस लिटरच्या घरात असते. समजा ही जागा ३५ लिटर आहे. ३२ पीएसआय म्हणजे साधारण २.२ बार, म्हणजेच वातावरणाच्या दाबाच्या जवळपास २.२ पट; तेव्हा पूर्ण बसलेला टायर या दाबापर्यंत आणायला बाहेरची सुमारे ७७ लिटर हवा आत ढकलावी लागते. तोच टायर २८ वरून ३२ पीएसआयवर न्यायचा असेल, तर जेमतेम दहा लिटर पुरतात. मिनिटाला बारा लिटर हवा देणारा पंप दुसरे काम मिनिटभरात उरकतो आणि पहिल्या कामाला सहा-सात मिनिटे घेतो, तेही वाढत्या दाबाबरोबर त्याचा वेग कमी होत नाही असे धरले तर. प्रत्यक्षात तो कमी होतोच, कारण दट्ट्या वर पोहोचला तरी नळकांड्याच्या माथ्याशी थोडी दाबलेली हवा अडकून राहते. दट्ट्या खाली येताना आधी ती प्रसरण पावते आणि तेवढी नवी हवा आत यायची राहते.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, कमाल दाबाचा आकडा पाहा, पण त्यावर निर्णय घेऊ नका. माहितीपत्रकात 'अमुक मापाचा टायर अमुक दाबापासून अमुक दाबापर्यंत इतक्या मिनिटांत' असे वाक्य आहे का, ते शोधा, आणि ते माप तुमच्या टायरच्या मापाशी ताडून पाहा. असे वाक्य लिहिणारा उत्पादक तुम्हाला तपासता येण्याजोगी गोष्ट सांगत असतो. मिनिटाला इतके लिटर, एवढेच लिहिले असेल, तर तो आकडा बहुधा नळीचे तोंड मोकळे असतानाचा आहे असे समजून चालावे.

बॅटरीच्या आकड्याचेही असेच आहे. या पंपांमध्ये पुष्कळदा १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे लिथियम-आयन सेल असतात आणि प्रत्येक सेल साधारण ३.७ व्होल्टचा असतो. दोन हजार एमएएचचे (मिलिअँपिअर-तासांचे, म्हणजे दोन अँपिअर-तासांचे) दोन सेल एकापाठोपाठ जोडले, तर ७.४ व्होल्ट आणि २००० एमएएच होतात. पण एखादा विक्रेता एका सेलचे ३.७ व्होल्ट धरून आणि दोन सेलची बेरीज करून ४००० एमएएच असे छापतो. दोन्ही वर्णने एकाच बॅटरीची आहेत. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करा, दोन्हीकडे १४.८ वॅट-तासच येतात. तुलना करायची ती वॅट-तासांची, आणि हा आकडा पुष्कळदा बॅटरीवर किंवा पंपाच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेला असतो.

या ऊर्जेतला मोठा वाटा उष्णता होऊन निघून जातो. सायकलला हातपंपाने हवा भरताना नळकांडे तापते, हे आपण सर्वांनी लहानपणी अनुभवले आहे; इथे तेच काम इवल्याशा जागेत, मिनिटाला हजारो वेळा होते. २७ अंश सेल्सियस तापमानाची हवा उष्णता बाहेर जाऊ न देता ३२ पीएसआयपर्यंत दाबली, तर गणिताने तिचे तापमान १४५ अंशांच्या आसपास जाते, आणि १०० पीएसआयपर्यंत नेली तर २६० अंशांच्याही वर. प्रत्यक्षात धातू पुष्कळ उष्णता शोषून घेतो आणि हवा इतकी तापत नाही, पण तो धातू म्हणजेच तुमच्या हातातला पंप आणि नळीचे पितळी टोक. सलग किती मिनिटे चालवावा आणि मग किती वेळ थांबावे, हे पुस्तिकेत दिलेले असते, आणि ती मर्यादा खरोखर पाळण्यासाठी आहे. चार टायर एकापाठोपाठ शून्यापासून भरण्यासाठी हे यंत्र बनवलेले नाही. मोठ्या गाडीचे रुंद टायर वारंवार भरायचे असतील, तर गाडीच्या बॅटरीला थेट चिमटे लावून चालणारा वायरचा पंप घ्यावा. तो इंजिन चालू ठेवून वापरायचा असेल, तर गाडी उघड्यावर उभी करावी, कारण बंदिस्त जागेत धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. मालमोटारीच्या टायरच्या वाटेला तर हातातल्या पंपाने जाऊच नये.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. हा पंप मुळात एक मापनयंत्र आहे. हवा भरणे ही त्याची दुसरी कामगिरी. गाडीचा भार टायरच्या रबरापेक्षा आतली हवा पेलत असते. एका चाकावर ३०० किलो भार आणि आत ३२ पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो दाब धरला, तर जमिनीला टेकलेला भाग ढोबळमानाने १३० चौरस सेंटिमीटर भरतो, म्हणजे जवळपास तळहाताएवढा. ब्रेक, वळण, ओला रस्ता, सगळे त्या चार तळहातांवर चालते. दाब कमी झाला की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, वाकण्याने तापते, आणि वेगात, भरल्या गाडीत हेच तापणे टायर फाटण्यापर्यंत जाऊ शकते. डॅशबोर्डवरचा दिवा सांगेल, या भरवशावर अनेक जण असतात. पण अमेरिकेत या दिव्यांची सक्ती करणाऱ्या नियमाने ठरवलेली मर्यादा शिफारशीपेक्षा २५ टक्के कमी दाबाची आहे. ३२ पीएसआयच्या टायरसाठी ती २४ वर येते. दिवा लागेपर्यंत थांबणे म्हणजे फार उशीर करणे.

म्हणून दाबमापक किती खरा आहे, हे पंप घेताना सर्वांत आधी पाहावे. पडद्यावर ३२.४ असा दशांशासह आकडा दिसला की तो अचूक आहे असे वाटते, पण दशांश दाखवणे वेगळे आणि बरोबर दाखवणे वेगळे. अचूकतेचा आकडा पुस्तिकेत वेगळा दिलेला असतो. एका पीएसआयच्या आतबाहेरची चूक चालण्यासारखी आहे, तीनची नाही. पंप घरी आणल्यावर एका स्वतंत्र, चांगल्या दाबमापकाने तोच थंड टायर लागोपाठ मोजून पाहा. फरक प्रत्येक वेळी सारखाच येत असेल, तर तो लक्षात ठेवून काम भागते. दर वेळी वेगळा येत असेल, तर तो पंप परत करावा. आणखी एक बारकावा असा की पंप चालू असताना दिसणारा दाब नळीतल्या प्रवाहामुळे थोडा चढा असतो. पंप आपोआप थांबला, की काही क्षण जाऊ द्या, मगच आकडा वाचा, आणि कमी दिसला तर पुन्हा चालू करा.

टायर थंड असावा, असे मी म्हणालो, त्याचे कारण माझ्या अनुभवातून सांगतो. आमच्या गाडीचा एक टायर आठवड्याला दोन-तीन पीएसआय गमावतो, असे मला कित्येक दिवस वाटत होते. व्हॉल्व्ह बदलला, साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधले, काही सापडले नाही. शेवटी नोंदवही उघडली तेव्हा कळले, की काही नोंदी सकाळी गाडी काढण्याआधीच्या होत्या आणि काही लांबचा प्रवास करून परतल्याबरोबरच्या. टायर निर्दोष होता, माझी मोजण्याची वेळ चुकत होती. हिशेब सोपा आहे. ३२ पीएसआयमध्ये वातावरणाचा दाब मिळवला, तर एकूण दाब ४६.७ होतो, २७ अंश सेल्सियस म्हणजे ३०० केल्व्हिन, तापमान १० अंशांनी वाढले, की दाब एक तीसांशाने, म्हणजे सुमारे दीड पीएसआयने वाढतो. गाडी चालवल्यावर टायर याहूनही अधिक तापतो. उत्पादकाने दिलेला आकडा थंड टायरचा असतो. गाडी किमान तीन तास उभी असावी किंवा दोन किलोमीटरहून कमी चाललेली असावी. गरम टायरचा दाब जास्त दिसतो म्हणून हवा काढणे तर कटाक्षाने टाळावे, कारण तो टायर निवला की गरजेपेक्षा खाली जातो.

आणि तो आकडा कुठला? टायरच्या बाजूवर ठळक कोरलेला नव्हे. तो त्या टायरला सोसणारा कमाल दाब असतो, आणि एकाच मापाचा टायर वेगवेगळ्या वजनाच्या गाड्यांना बसतो. आपल्या गाडीचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेला असतो. पुष्कळदा पुढच्या आणि मागच्या चाकांचा वेगळा, आणि भरल्या गाडीचा आणखी वेगळा.

जोडणीबद्दल थोडक्यात सांगतो. मोटारीला आणि मोटारसायकलला आट्यांचा जाड व्हॉल्व्ह असतो. त्यावर नळीचे टोक फिरवून बसवायचे आणि काढताना न रेंगाळता फिरवायचे, म्हणजे हवा कमी जाते. मोटारसायकलच्या चाकात ब्रेकची चकती आणि आरे यांच्यामध्ये टोक शिरत नाही, तिथे काटकोनी जोड लागतो. शर्यतीच्या सायकलचा व्हॉल्व्ह बारीक असतो. त्याच्या टोकावरची चिमुकली चकती आधी सैल करावी लागते, आणि पंपाचे वजन त्यावर लोंबकळले तर व्हॉल्व्हची बारीक काडी वाकते. म्हणून पंपाला थेट तोंड असण्यापेक्षा लवचीक नळी असलेली बरी. पडद्यावर एकक कोणते आहे, हेही चालू करण्यापूर्वी पाहावे. पीएसआय, बार आणि केपीए (किलोपास्कल) यांपैकी भलतेच निवडलेले असले, तर आकडा ओळखीचा वाटूनही अर्थ वेगळा होतो.

रस्त्यात खिळा घुसला, तर ट्यूबलेस टायरमधला खिळा उपटू नका. तो स्वतःच भोक बुजवून धरतो. हवा भरा, सावकाश जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणी जा, मध्ये एकदा थांबून दाब पाहा. या प्रसंगी हा पंप त्याच्या किमतीचे सार्थक करतो. पण बसलेल्या टायरवर गाडी काही अंतर चालली असेल, तर त्याच्या बाजूचे आतले थर चिरडले गेलेले असू शकतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. असा टायर रिमवरून उतरवून आतून पाहिल्याशिवाय भरू नये. भरताना तो फुटला, तर समोर बसलेला माणूस गंभीर जखमी होऊ शकतो. कुठलाही संशयास्पद टायर भरताना त्याच्या बाजूच्या समोर न बसता, नळीची लांबी वापरून कडेला उभे राहावे, ही सवय मी प्रत्येकाला हात जोडून सांगत असतो. टायरची कडच रिमपासून सुटली असेल, तर ती बसवायला एकदम खूप हवेचा झोत लागतो; या पंपाकडे तो नाही आणि प्रयत्नात बॅटरी वाया जाते.

राहिली साठवण. लिथियम बॅटरीला पूर्ण भरून उन्हात तापणाऱ्या बंद गाडीत महिनोन्‌महिने पडून राहणे सर्वांत वाईट, आणि आपण नेमके तेच करतो. पंप बराच काळ ठेवून द्यायचा असेल तर साधारण अर्ध्या चार्जिंगवर, सावलीत ठेवावा. शून्य अंशाखालच्या थंडीत चार्जिंगला लावू नये. पण अडचणीत तो गाडीत हवाच, म्हणून निदान डॅशबोर्डवर न ठेवता सामानाच्या जागेत, खाली, कापडात गुंडाळून ठेवावा. महिन्यातून एकदा चारही चाके तपासायला तो बाहेर काढला, की बॅटरीही आपोआप पाहिली जाते. त्याच वेळी स्टेपनीही मोजावी. ती बारीक, तात्पुरत्या वापराची असेल, तर तिला साधारणपणे ६० पीएसआय लागतात. आकडा तिच्याच बाजूवर लिहिलेला असतो. पंप चालू करण्यापूर्वी नेमलेला दाब तेवढा बदलून घ्या, कारण आधीच्या चाकासाठी लावलेला ३२ चा आकडा त्याच्या स्मरणात असतो आणि तो तिथेच थांबेल.