नील पीअर्ट: गालगागा, गालगागा, गागालल

(कॅमेऱ्याकडे बघत, समोर टेबल, हात मोकळे)

नमस्कार. नील पीअर्टचं नाव काढलं की गप्पा त्याच्या अवाढव्य ड्रमसेटवर जातात. तो सेट आज बाजूला ठेवू. 7 जानेवारी 2020 ला गेलेला हा माणूस कॅनडाच्या 'रश' बँडचा ड्रमर होता आणि त्यांच्या बहुतेक गाण्यांचे शब्दही तोच लिहायचा. तरी आज रशची एक बिनशब्दांची रचना घेऊ: 1981 च्या 'मूव्हिंग पिक्चर्स' अल्बममधली 'वायवायझेड'.

वायवायझेड हा टोरांटो विमानतळाचा कोड. तो मोर्समध्ये, म्हणजे तारेच्या रेघा-टिंबांच्या लिपीत, वाजवला की या रचनेची सुरुवात तयार. आधी किणकिणतात ते क्रोटेल्स, सुरात लावलेल्या धातूच्या छोट्या चकत्या. (अल्बमच्या श्रेयनामावलीत पीअर्टच्या वाद्यांमध्ये चक्क 'प्लायवूड' आहे!)

आता टाळी. मोर्सची रेघ म्हणजे गुरू: 'गा', दोन मात्रा. टिंब म्हणजे लघु: 'ल', एक मात्रा.

(टेबलावर बोटांनी)

वाय: गालगागा. परत वाय: गालगागा. झेड: गागालल. गझलवाल्यांना पहिले दोन तुकडे पाठच असतील, व्योमगंगा वृत्त त्यांचंच. मात्रा 7, 7, 6. झाल्या वीस.

गोची झेडवर होते. दोनदा गालगागा म्हटलं की जीभ तिसऱ्यांदाही तेच म्हणते, मात्रा होतात 21 आणि सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, हुकते. दुसरा मोह झपतालाचा: त्याच्या मात्रा दहा, म्हणजे त्याच्या एका मात्रेत आपल्या दोन बसवल्या की झाल्या वीस. पण दुसरा वाय आपल्या सात मात्रांनंतर, म्हणजे झपतालाच्या साडेतीन मात्रांनंतर सुरू होतो. तिथे झपतालात ना टाळी, ना 'खाली' (टाळी न देता हात उघडा टाकायची मात्रा). 'खाली' येते त्या वायच्या मधोमध. म्हणून आधी तोंडाने पक्कं करा, मग पायाने चार-चार मात्रांचे पाच ठोके धरा.

याच अल्बमचं पहिलं गाणं, 'टॉम सॉयर'. हाय-हॅट (स्टँडवरची झांजांची जोडी) एकाच हाताने, ठोक्याला चार आघात. वेग मिनिटाला साधारण 88 ठोके, म्हणजे सेकंदाला जवळपास सहा आघात. दोन हातांत वाटून घेऊ नका: उजवा-डावा सारखा पडत नाही, आणि एक हात स्नेअरवर, म्हणजे समोरच्या खणखणीत ड्रमवर, गेला की हाय-हॅटच्या ओळीत भोक पडतं. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 वर लावा. काठी घट्ट आवळली की मनगट अडकतं, काम कोपरावर येतं आणि दंड भरून येतो. असं झालं की थांबा, पकड सैल करा. 60 वर दोन मिनिटं सलग निघाली की चार-चारने चढवा.