मिरचीचा चटका, गांजातलं रसायन आणि एक नस

(हातात वडापाव, तळलेली मिरची कॅमेऱ्याजवळ.)

नमस्कार मंडळी! दादर स्टेशनबाहेरून आणलाय, अजून गरम आहे. पण आज वडा राहू दे, ही मिरची बघा. चावते हं... हाऽऽ! जीभ पोळली असं वाटतंय ना? पोळलेलं काहीच नाही. मिरचीतल्या कॅप्सेसिननं नसेच्या टोकावरचं टीआरपीव्ही-१ हे दार उघडलं, बस्स. एरवी ते साधारण ४३ अंशांच्या वर तापलं की उघडतं, म्हणून मेंदूला निरोप जातो: भाजतंय! डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं ते १९९७ मध्ये शोधलं. २०२१ चं नोबेल त्यांना मिळालं, आर्डेम पॅटापूशियन यांच्यासोबत.

अशाच वेदना-नसांवर आणखी एक ग्राही, म्हणजे रसायन चिकटण्याची जागा, असतो: सीबी-१. गांजातलं नशा आणणारं रसायन, टीएचसी, इथंच चिकटतं. (नाही, 'ताई, कुठे मिळेल' अशा कमेंट नकोत. गांजा, चरस १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात येतात.)

गांजानं डोकंच बधिर होतं, म्हणून दुखणं कळत नाही, असं सर्रास बोललं जातं. ते अर्धंच खरं. सीबी-१ मेंदूत भरपूर आहेच, पण मणक्याशेजारच्या चेतापेशीही तो बनवतात आणि पार बोटांच्या टोकांपर्यंत धाडतात. तो जागा झाला की नसेत कॅल्शियम येण्याच्या वाटा आवळतात. कॅल्शियम नाही, तर पुढच्या पेशीकडे रसायन सुटणार कसं? निरोप तिथंच अडतो. २००७ मध्ये संशोधकांनी उंदरांच्या फक्त वेदना-नसांमधला सीबी-१ काढला, मेंदूतला तसाच ठेवला. कॅनाबिनॉइडनं, म्हणजे टीएचसीसारख्या रसायनानं, दुखणं थांबण्याचा गुण बराचसा गेला! इतका सरळ प्रश्न विचारणारा प्रयोग क्वचितच सापडतो.

आता गोची. आपलं शरीर स्वतःच अॅनंडामाइड नावाचं कॅनाबिनॉइड बनवतं. थोडं असेल तर ते सीबी-१ मधून नस शांत करतं. जास्त झालं की तेच टीआरपीव्ही-१ उघडतं, म्हणजे मिरचीचं काम! ते मोडणारं एन्झाइम रोखणारी गोळी गुडघेदुखीच्या रुग्णांना देऊन पाहिली. रक्तात अॅनंडामाइड वाढलं, दुखणं मात्र साध्या खोट्या गोळीइतकंच राहिलं. मिरचीचं दारही सोबत उघडलं असावं, ही एक शंका. म्हणून काही जण आता मेंदूत न शिरता फक्त बाहेरच्या नसांवरचा सीबी-१ गाठणारी औषधं करून बघतायत.