काट्यावर न दिसणारी चरबी

अँजिओप्लास्टीनंतर तपासायला आलेल्या माणसाकडून दोनपैकी एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘आमच्या घराण्यातच जाडी आहे हो,’ नाहीतर ‘मी कधी जाड नव्हतोच, मग मला कसं झालं?’ मंडळी, आज मला या दुसऱ्याची जास्त काळजी आहे.

पहिल्याचं आधी उरकतो. 2007 साली एफटीओ या जनुकाचा लठ्ठपणाशी संबंध सापडला. त्याचं धोक्याचं रूप आई आणि वडील, दोघांकडून आलं तर वजन सरासरी 3 किलोंनी जास्त भरतं. बस, तेवढंच! असे शेकडो जनुकीय फरक आहेत आणि एकेकाचा वाटा चिमूटभर. यातले बरेचसे मेंदूत काम करतात: भूक किती लागावी, पोट भरल्याचं कधी कळावं. म्हणून ‘जिभेवर ताबा नाही’ असं ताटावर बसलेल्या माणसाला ऐकवणाऱ्या नातेवाइकांनी जरा दमानं घ्यावं.

आता दुसरा. 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती याचा आकडा, 22.3. पण अंगातली चरबी युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्यात 21.2! आता युडकिन मॅरेथॉन धावायचे. आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम काय, तर हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत ती गाठणं. हेही त्यांनी तिथंच लिहून टाकलंय.

पण सगळा दोष लिफ्टवर ढकलता येत नाही. याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली. सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं 3.5 किलोंची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, चरबी मात्र त्या मानानं टिकून. यात जनुकं किती आणि आईचं गरोदरपणातलं पोषण किती, ही वाटणी सोपी नाही. घराण्यात आलं म्हणजे जनुकातूनच आलं, असं समजू नका.

हृदयाला महत्त्वाचं आहे ते चरबी साठते कुठं. काहींच्या जनुकांमुळे ती कातडीखाली, मांड्यांवर साठते. अशी माणसं जाड दिसतात, पण त्यांना मधुमेहाचा धोका तुलनेनं कमी असतो. पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठलेली चरबी वेगळी: तिच्यातली फॅटी ॲसिड्स थेट यकृतात जातात, रक्तातली ट्रायग्लिसराइड्स नावाची चरबी वाढते, चांगलं कोलेस्टेरॉल उतरतं, इन्सुलिनचा जोर कमी पडतो. एमसीफोरआर जनुक बिघडलेल्यांचं तर आणखी नवल. लहानपणापासून वजन भरमसाट, पण त्या वजनाच्या मानानं बीपी कमी! कारण रक्तदाब चढवणाऱ्या मज्जातंतूंना चालना देण्यातही त्याच जनुकाचा हात असतो.

तेव्हा अँजिओप्लास्टीत स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बसलाय आणि वजनाचा काटा 65 किलो दाखवतोय, म्हणून निर्धास्त राहू नका. कंबर मोजा. पुरुषांना 90 सेंटिमीटर, बायकांना 80. त्यापुढे गेलात की माझ्याशी बोला. पँटचा नंबर सांगू नका, पँट आपण पोटाखाली बांधतो. आणि चाला. दोन लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून 2011 मध्ये दिसलं, की हालचाल करणाऱ्यांत एफटीओचा लठ्ठपणावरचा परिणाम सुमारे 27 टक्क्यांनी कमी असतो.

‘जीन टेस्ट करू का?’ ही चिठ्ठी आलीय. पन्नाशीत पोट सुटलं असेल तर नको, पैसे वाचवा. मूल पाच वर्षांचं व्हायच्या आत प्रचंड जाड झालं असेल आणि त्याची भूक भागतच नसेल, तर मात्र जरूर करा.