कॅल्हून स्ट्रीटवरचं चर्च

हा चार्ल्स्टनमधला कॅल्हून स्ट्रीट. अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातलं हे बंदर. रस्त्याला नाव आहे जॉन कॅल्हून यांचं. गुलामगिरी भल्याचीच आहे, असं 1837 साली भर सिनेटमध्ये ठणकावणारे हे पुढारी. आणि त्यांच्याच रस्त्यावर उभं आहे कृष्णवर्णीयांचं 'मदर इमॅन्युएल' चर्च.

गोऱ्यांच्या मेथडिस्ट चर्चमध्ये कृष्णवर्णीयांना जागा होती, मान नव्हता. दफनभूमीवरून वाद विकोपाला गेला आणि हजारो जणांनी वेगळी चूल मांडली. 1822 मध्ये गुलामांच्या उठावाचा कट रचल्याच्या आरोपावरून याच मंडळीतले डेन्मार्क व्हीसी आणि आणखी 34 जण फासावर गेले. चर्च पाडलं गेलं. पुढे 1834 पासून यादवी युद्ध संपेपर्यंत उपासना लपूनछपून चालली.

17 जून 2015. बुधवारची संध्याकाळ, खालच्या सभागृहात बायबल अभ्यास. मार्काचा चौथा अध्याय, पेरणाऱ्याचा दाखला. 21 वर्षांचा एक अनोळखी गोरा तरुण आत आला. पाळक क्लेमेंटा पिंकनी यांनी त्याला शेजारी बसवून घेतलं, हातात बायबल दिलं. तासभर तो बसून होता. शेवटच्या प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले, तेव्हा त्याने पिस्तूल काढलं. नऊ जण गेले. त्यात खुद्द पिंकनी होते, 87 वर्षांच्या एक आजीही होत्या.

दोनच दिवसांनी कोर्टात मृतांपैकी एकीच्या लेकीने, आईला आता कधीच कुशीत घेता येणार नाही असं सांगत, त्याला माफ केलं. सगळ्यांना ते जमलं नाही, आणि का जमावं? पण टीव्हीवर फिरत राहिलं ते 'माफ केलं' एवढंच. देशाला हायसं वाटलं.

खरी अडचण इथेच आहे. त्या लेकीने माफ केलं होतं एका तरुणाला. देशाने ती क्षमा परस्पर स्वतःच्या खात्यावर जमा करून घेतली. शुभवर्तमानातला जक्कय आठवा. लोकांना नाडून गबर झालेला जकातदार. ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करतो, असं तो आधी म्हणतो. या घराला तारण झालं आहे, हे येशू म्हणतो ते त्यानंतर.

परत काय दिलं गेलं? राज्याची राजधानी कोलंबिया, तिथे विधानभवनासमोर यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेच्या बंडखोर फौजेचा झेंडा हत्याकांडानंतरही पूर्ण उंचीवर होता. 27 जूनला ब्री न्यूसम ही कृष्णवर्णीय तरुणी हेल्मेट घालून, दोर बांधून खांबावर चढली. झेंडा काढून ती 27 वं स्तोत्र म्हणत खाली उतरली: 'परमेश्वर माझा प्रकाश व माझे तारण आहे, मी कोणाची भीती बाळगू?' खाली पोलीस बेड्या घेऊन तयार. थोड्याच वेळात झेंडा पुन्हा वर! तो कायद्याने उतरला 10 जुलैला. चर्चजवळच्या चौकातला कॅल्हून यांचा पुतळा हलायला मात्र 2020 चा जून उजाडावा लागला. तोवर मिनिॲपोलिसमध्ये गोऱ्या पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा जीव गेला होता.

पिंकनी राज्याच्या सिनेटचे सदस्यही होते. ते गेले तेव्हा सभागृहातल्या त्यांच्या बाकावर काळं कापड घातलं होतं, सहकारी रडले होते. द्वेषातून केलेल्या गुन्ह्यांना जादा शिक्षा देणारं विधेयक त्यांच्याच नावाने 2021 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झालं. दोन्ही वेळा ते अडकलं सिनेटमध्ये.