काम केलेलं इंजिन हादरतं तेव्हा

मंडळी, 1 जून ते 31 जुलै ही मासेमारीबंदी म्हणजे आपल्याकडे इंजिनं उतरवायचे दिवस. लायनर-पिस्टन बदलतात, क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) ग्राइंडिंगला जातो, हेडचं, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचं, काम होतं. मग बोट पाण्यात जाते आणि तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, येऊन सांगतो, "इंजिन हादरतंय, आधी असं नव्हतं." अशा वेळी बरेच जण लगेच हेड खोलायला घेतात. ते करू नका, एवढंच सांगायला मी आज उभा आहे. आधी हादरा मोजा.

एका रांगेतलं सहा सिलिंडरचं इंजिन मुळात शांत असतं. पिस्टन वर-खाली होताना एकमेकांचे झटके जिरवतात. चार सिलिंडरमध्ये क्रँकच्या एका फेऱ्यात दोनदा येणारा एक हादरा उरतोच, सहामध्ये तोही उरत नाही. म्हणून सहा सिलिंडरचं इंजिन हादरत असेल, तर ते 'तसंच असतं' म्हणून सोडू नका.

आता मोजायचं कसं? फोर-स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच फायर होतो. स्लोला, म्हणजे इंजिन कमीत कमी वेगाला असताना, 600 आरपीएम (मिनिटाला फेरे) धरा, म्हणजे सेकंदाला 10 फेरे. एक सिलिंडर मिस मारत असेल, म्हणजे फायर होत नसेल, तर सेकंदाला 5 गचके बसतात. एक्झॉस्टजवळ कान द्या, ते कळतात. क्रँक, फ्लायव्हील किंवा पिस्टनच्या वजनात फरक असेल तर हादरा दर फेऱ्याला येतो आणि वेग वाढवला की भराभर वाढतो, कारण वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. फ्लायव्हीलच्या मध्यापासून 15 सेंटिमीटरवर 50 ग्रॅम जास्त असले, तर 2000 आरपीएमला सुमारे 33 किलोचा ओढा बसतो. कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन वजन करून बसवा म्हणतो, ते यासाठी.

मोबाइलवर कंपनं मोजणारी ॲप आहेत, मी वापरतोही. पण एक फसगत लक्षात ठेवा. गिअर तीनास एक असेल, म्हणजे क्रँकच्या तीन फेऱ्यांना पंख्याचा (प्रोपेलरचा) एक, आणि पंख्याला तीन पाती असतील, तर पात्यांचा हादरा आणि क्रँकचा हादरा एकाच आकड्यावर दिसतात. तिथे मोबाइल काही सांगू शकत नाही, न्यूट्रल सांगतो. गिअर काढा, इंजिन त्याच आरपीएमला चालवा. हादरा गेला तर दोष पंख्याचा शाफ्ट, पंखा किंवा अलाइनमेंटमध्ये, म्हणजे शाफ्ट आणि इंजिन एका रेषेत असण्यात, शोधा. राहिला तर इंजिनाकडे या.

माझ्याकडे आलेल्या एका बोटीत दोष दोन्हीकडे होता, इंजिनातही आणि शाफ्टच्या बाजूलाही. त्या इंजिनाचं हेड तोवर दोनदा उघडून झालं होतं. आम्ही स्लोला एकेका नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोंडाच्या) पाइपचा नट सैल केला, म्हणजे तेवढा सिलिंडर बंद. पाच ठिकाणी इंजिनाचा आवाज पडला, चौथ्यावर काहीच फरक नाही. म्हणजे चौथा आधीपासूनच काम करत नव्हता. नोझल काढलं तर खाली दोन कॉपर वॉशर! जुना तळाला चिकटून राहिला होता, नवा त्याच्यावर बसवला होता. नोझल तेवढं वर राहिलं, फवारा पिस्टनच्या वाटीत जायचा तो काठावर आपटत होता. नवा वॉशर घालण्याआधी बॅटरी मारून भोकात बघा. दोन रुपयांच्या वस्तूसाठी त्या माणसाचा अर्धा ऑगस्ट गेला, मला अजून वाईट वाटतं.

नट सैल करून बघायची ही परीक्षा करताना पाइपच्या तोंडासमोर हात नको. उडणारं डिझेल कातडीतून आत शिरतं. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी लगेच दवाखान्यात जायचं, थांबायचं नाही. आणि कॉमन रेलवर, म्हणजे एकाच नळीतून सगळ्या नोझलना डिझेल जातं त्या इंजिनावर, ही पद्धत अजिबात वापरायची नाही. तिथलं प्रेशर 1000 बारच्याही वर जातं.

वॉशर बदलल्यावर न्यूट्रलला इंजिन स्वच्छ चाललं, गिअर टाकला की पुन्हा थरथर. गिअर आणि शाफ्ट जोडणारं कपलिंग बोट किनाऱ्यावर असतानाच जुळवलं होतं. बोट पाण्यात उतरली की सांगाडा थोडा वेगळा बसतो, म्हणून शेवटचं माप पाण्यातच घ्यायचं. कपलिंगचे बोल्ट काढले, चारी बाजूंना फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घातला, खालच्या बाजूला फट जास्त निघाली. सहा इंचांच्या कपलिंगला वरखाली 0.15 मिलिमीटरच्या आत फरक चालतो, त्यापुढे नाही.

सगळे सिलिंडर सारखेच ठोकत असतील तर गोष्ट वेगळी. मग एकेक नोझल धरून बसू नका, पंपाचं टायमिंग, म्हणजे डिझेल कधी फवारलं जातं ते, बघा. लवकर असेल तर खडखड, उशिरा असेल तर पांढरा धूर.

आणि पुढच्या पुलीमागचा डॅम्पर, म्हणजे क्रँकच्या पिळाचा हादरा जिरवणारं रबरी चाक. त्याचं रबर तेलानं फुगलं असेल तर बदला. क्रँक पिळला जातो तो हादरा हाताला फारसा जाणवत नाही, पण क्रँक त्यानंच तुटतो, आणि समुद्रात क्रँक तुटला तर बोट ओढून आणायला दुसरी बोट लागते.

माउंटिंगची (इंजिनाच्या पायांखालची) रबरं नवी असतील तर ती पहिल्या दिवसांत दबतात आणि अलाइनमेंट हलतं. पंधरा दिवसांनी बोट बंदराला आली की फीलर गेज घेऊन पुन्हा एकदा खाली उतरा.